बोल्टावरची पांढरी रेघ

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र पोचले. जावयांचा खोकला, तुझी बदली आणि माझी प्रकृती हे तिन्ही विषय तू एकाच वाक्यात कोंबलेस आणि पूर्णविराम पत्राच्या अखेरीस एकदाच दिलास. तो तरी दिलास, हे उपकारच.

इकडची खबर गाडीची आहे. गेल्या महिन्यात इंजिनापुढचे दोन्ही पट्टे सैल झाले होते, म्हणून मी नवी जोडी आणून घरीच बसवली. बॅटरीची तार सोडली, अल्टरनेटरचा बोल्ट ढिला केला, नवा पट्टा प्रत्येक पुलीच्या खाचेत चढवला, लोखंडी कांबेने अल्टरनेटर बाहेर रेटून धरला आणि बोल्ट आवळला. स्टिअरिंगच्या पंपाचा पट्टाही तसाच. मधोमध अंगठ्याने दाबला तर पट्टा बोटाच्या जाडीइतकाच दबावा, अधिक नाही. हे तू फ्रॉक घालत होतीस तेव्हाच तुला शिकवले आहे. नवा पट्टा थोडा ताणतो, म्हणून इंजिन चालवून पुन्हा आवळलासुद्धा.

तू मध्यंतरी येऊन गेलीस, तोवर सर्व ठीक होते. नंतरच्या शनिवारी आत्याकडे निघालो, तर गाडी किंचाळू लागली, बॅटरीचा लाल दिवा लागला, आणि चौकातल्या वळणावर स्टिअरिंग असे जड झाले की, मला अक्षरशः त्याला लोंबकळावे लागले. मागच्या ट्रकवाल्याने माझ्या पूर्वजांचा उद्धार केला. पट्टे पुन्हा सैल.

तुला म्हणून लिहितो. बोल्ट मी आवळला, असे मला वाटते. हातांनी तो आवळला की नाही, याची आता खात्री देववत नाही. शेजारचे कंडक्टर म्हणाले की, मास्तर, आता पाना ठेवा आणि काठी घ्या. मी हसलो, रात्रभर मात्र ते मनात राहिले. आत्याच्या शुश्रूषागृहाकडे बस जात नाही. मी गेलो नाही, तर तिच्याकडे येणारे दुसरे कोण आहे?

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
बाबा


२० फेब्रुवारी

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. या वेळी पूर्णविराम मोजून घातले आहेत, तरी लाल पेन खाली ठेवावे.

पट्ट्यांचे वाचून वाईट वाटले. बाबा, वयानुसार हातांची पकड कमी होते, त्यात कमीपणा कसला? तुम्ही आयुष्यभर सगळे स्वतः केलेत. आता गाडीही थकली आहे आणि तुम्हीही. ती विकून टाकली तर तुमच्या डोक्याचा ताप जाईल. आत्याकडे मी महिन्यातून एकदा तुम्हांला नेत जाईन. ह्यांचेही हेच म्हणणे आहे.

येत्या रविवारी येतेच आहे, तेव्हा सविस्तर बोलू. तोवर पान्याला हात लावू नका.

माया आहे ती वाढावी,
तुमची धाकटी


४ मार्च

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. हे पत्र मी तीनदा लिहून फाडले. तेव्हा जे उरले आहे, ते थोडके आहे.

तू येण्यापूर्वीच मी पट्टे पुन्हा ताणून घेतले होते. बोल्ट धक्क्यांनी फिरतो की माझ्या हातांचा दोष आहे, हे कळावे म्हणून दोन्ही बोल्टांच्या माथ्यापासून खालच्या पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एकेक बारीक रेघ ओढली. संशय माझा माझ्यावरच होता, म्हणून तुला सांगण्याचे कारण नव्हते.

तू सोमवारी गेलीस. मंगळवारी बॉनेट उघडले. गाडी मधल्या काळात जागची हललेली नाही. दोन्ही रेघा तुटल्या आहेत. दोन्ही बोल्ट सारखेच फिरले आहेत, आणि पान्याने त्यांच्या कोपऱ्यांवरचा रंग खरवडला आहे. धक्क्यांना पाना धरता येत नाही. गॅरेजच्या किल्ल्या दोन आहेत: एक माझ्याकडे, दुसरी तुझ्याकडे.

मी चहा करत होतो, तेव्हा तू जुन्या खुर्च्या पाहून येते म्हणून गॅरेजात गेली होतीस. परत आल्यावर माझा हात हातात घेऊन म्हणालीस की, बाबा, बोटे किती थरथरतात.

उत्तराची अपेक्षा आहे.

बाबा


९ मार्च

ती. बाबांस,

सा. न. वि. वि. होय. जानेवारीपासून तिन्ही वेळा पट्टे मीच सैल केले.

डिसेंबरात आत्याकडून परतताना तुम्ही डावीकडून येणारा सायकलवाला पाहिलाच नाही. मी किंचाळले म्हणून तो वाचला. तुम्ही म्हणालात की, तो अंधारातून आला. बाबा, दुपारचे चार वाजले होते. घरी येऊन मी विषय काढला, तर तुम्ही जेवणावरून उठून गेलात. ह्यांनी काढला, तर त्यांच्याशी बोलणे सोडलेत. मग वाटले, गाडीनेच नाही म्हटले तर तुमचा मान राहील. तुम्ही हातांना दोष द्याल, हे खरेच मनात आले नव्हते. आणि तुमचे तसे पत्र आले, तेव्हा मागे फिरण्याचे धैर्य झाले नाही.

रागवा, पण गाडी चालवू नका. मी दर शनिवारी येईन.

क्षमेची आशा बाळगणारी,
धाकटी


१८ मार्च

चि. सौ. धाकटीस,

आशीर्वाद. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. डाव्या डोळ्याची कडेची नजर गेली आहे, असे ते म्हणाले. सायकलवाल्याबाबत तू खरे बोललीस आणि मी खोटे. गाडी कंडक्टरांना दिली. शनिवारी ते मला आत्याकडे नेतात आणि वाटभर स्वतःच्याच विनोदांवर हसतात. त्यासाठी तू येण्याची आवश्यकता नाही.

ज्या माणसाची नजर अधू झाल्याची तुला भीती होती, त्याच्याच हातात तू जड होणारे स्टिअरिंग दिलेस. चौकातला तो ट्रक किती जवळ होता, ते मी तुला लिहिले नव्हते. तू तोंडावर सांगितले असतेस, तर मी आठवडाभर भांडलो असतो, अबोला धरला असता, आणि मग डॉक्टरांकडे गेलो असतो. मला तू एवढेही ओळखले नाहीस. त्याऐवजी महिनाभर मी माझे हात दिव्याखाली धरून पाहत बसलो, आणि ते तुला ठाऊक होते.

घरी जरूर येत जा. दार तुझेच आहे. मात्र एक गोष्ट तुला कळावी, म्हणून लिहितो. काल सकाळपासून स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो आहे. चकती झिजली असेल. पूर्वी मी तडक पाना घेऊन बसलो असतो. काल मात्र भांडे खाली लावून मी बराच वेळ उभा राहिलो, आणि तू गेल्या खेपेस त्या नळाशी किती वेळ होतीस, ते आठवत राहिलो.

बाबा