आठ दिवसांपुरती माळाची बीट

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ६.१०

ठरलं. उद्यापासून आंदोलन. कोणाला सांगितलेलं नाही. आधी गाजावाजा केला की त्यात दम राहत नाही.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी विचारलं तर तारीखवार दाखवता येईल. मी कानिफनाथ, डाक सेवक, सर्व्हिस तेवीस वर्षं. माझी बीट, म्हणजे टपाल वाटायचा भाग, फक्त गाव. दुपारी दोनला टपाल वाटून मोकळा, घरी गरम भाकरी. अडीच वर्षांपूर्वी माळावरचा डाक सेवक रिटायर झाला. तालुक्याहून फोन आला, आठ दिवस तेवढी माळाची बीट सांभाळा, माणूस देतो. ते आठ दिवस अजून चालूच आहेत. माळावर बावीस वस्त्या. सगळा मुरूम, आणि वस्तीगणिक दोन कुत्री. गाडी माझी. गुडघाही माझाच.

घरी पोचायला पाच वाजतात. सविता तोवर जेवत नाही. हजारदा सांगितलं, बाई, तू जेवून घे. पोरगी नेवाशाला दिल्यापासून घरात आम्ही दोघंच, म्हणते तुमी आल्यावर बसू. डॉक्टरने तिला पित्त सांगितलंय, उपाशी राहू नका म्हणाले. म्हणजे डिपार्टमेंटमुळे माझ्या बायकोला पित्त! हे मी सहन करणार नाही.

मागणी एकच. माळाची बीट काढा, मला दोन वाजता घरी जेवू द्या.

सविता म्हणते साधा अर्ज करा. मी अर्ज करणार नाही. अर्ज गरजवंताने करायचा असतो.

संध्याकाळी ७

आंदोलनाचं स्वरूप: नियमाने काम.

आजवर मी डोकं वापरून काम केलं. माळाचं सगळं टपाल फाट्यावर रशीदच्या चहाच्या हॉटेलात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचं. वस्तीवाले चारला डेअरीत दूध घालायला येतात, आपापलं घेऊन जातात. सहीचं काही असलं तर तिथंच घ्यायची. तोवर मला फाट्यावर बसून राहावं लागतं. चहा, पेपर, कॅरम. लोकांना वाटतं आराम, पण ती ड्युटीच असते. ही सिस्टीम मी एकट्याने उभी केली. डिपार्टमेंट तिच्यावर जगतंय आणि त्यांना पत्ताच नाही.

उद्यापासून सिस्टीम बंद. प्रत्येक नग प्रत्येक वस्तीवर, ज्याचा त्याच्या हातात. आठ दिवसांत टपालाचा ढीग पत्र्याला लागेल. पब्लिक बोंबलेल. साहेब हात जोडत येईल.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिवस पहिला. सुरुवात जोरदार.

ब्रांचमध्ये मोनिका मॅडमकडे नियमांचं पुस्तक मागितलं. मॅडम म्हणजे आमची ब्रांच पोस्टमास्तर, वय चोवीस, गाव खर्डा. दहावीला शहाण्णव टक्के पडले म्हणून खुर्ची मिळाली. मला काका म्हणते. पुस्तक नव्हतं, तिने मोबाईलवरून प्रिंट काढून दिली. मी म्हटलं, आजपासून सगळं नियमाने, वस्तीवर जाऊन. डोळे मोठे करून म्हणाली, काका, खरंच जाणार का? घाबरली पोरगी. मला वाईटही वाटलं, पण आंदोलनात दया नाही.

रशीदचा डबा रिकामा केला. त्रेचाळीस नग निघाले. एक दिवाळीचं शुभेच्छापत्र होतं, गेल्या वर्षीच्या दिवाळीचं. रशीद म्हणाला, कानिफभाऊ, तुम्ही गेल्यावर कॅरमला चौथा गडी कुठून आणू? त्याला सांगितलं, लढ्यात प्रत्येकाला काहीतरी सोडावं लागतं. तो म्हणाला, कसला लढा? सांगितलं नाही. गुप्त आहे.

नऊ नग वाटले. चौतीस शिल्लक. ढीग जमायला लागला.

घरी सहा चाळीस. सविता बसलेली होती. दुपारचं जेवण दिवेलागणीला जेवलो. तिला म्हटलं, आठच दिवस कळ काढ.

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल सुट्टी. गुडघ्याला तेल लावून पडलो. आंदोलनाने अंग ठणकतं.

आज शेवटच्या टोकाची वस्ती. भागूबाई म्हणून म्हातारी. विचारते, कोन रं तू? म्हटलं पोस्टमन. म्हणाली, पोस्ट तर बंद झालं म्हनत्यात ना लेका? अडीच वर्षांपासून मी इथं अखंड सेवा देतोय, हे तिला समजावून सांगायला अर्धा तास गेला. तिला तिचं आधार कार्ड दिलं. डब्याच्या तळाशी होतं. त्यासाठी ती तीनदा फाट्यावर चालत आली होती म्हणे, आणि तीनही वेळा रशीदच्या हॉटेलाला सुट्टी. आता यात पोस्टाचा काय दोष?

कार्डावरून हात फिरवत बसली बराच वेळ. मग पदराने डोळे पुसले आणि माझ्या पिशवीत शेर-दीड शेर शेंगा ओतल्या. मी नको म्हटलं नाही. जनतेचा पाठिंबा नाकारायचा नसतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

बिबट्या.

पाटाच्या कडेच्या उसातून रस्ता जातो, तिथं चिखलात पंजे. चांगले ताटलीएवढे. गाडी वळवली. यात भ्यायचा प्रश्न नाही, सरकारी टपालाची सुरक्षा पाहावी लागते. पण मोबाईलमध्ये कारण भरायचं तर पर्याय तीनच: दार बंद, पत्ता अपुरा, घेण्यास नकार. बिबट्या नाहीच. शहरात एसीत बसून ॲप करणाऱ्यांना काय कळतंय! रागारागाने सहाही नगांना घेण्यास नकार मारून टाकलं. मॅडमचा फोन आला, काका, सहा जणांनी एकदम नकार कसा दिला? म्हटलं, बिबट्याने दिला. ती किती वेळ हसत होती. ताण आला की माणसं अशी हसतात.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज उसापाशी दोन पोरं मोटारसायकल घेऊन उभी, हातात फटाके. मॅडमने वस्तीवर फोन केला होता. एकाचं एटीएम कार्ड माझ्या पिशवीत होतं. एक पुढं, एक मागं, मधी मी. फटाके वाजवत गेलो. मंत्र्याचासुद्धा असा ताफा नसतो.

आंदोलनाला तरुणवर्ग जोडला गेला. त्या बाजूचे सगळे नग संपले. उद्यासाठी ढीग ठेवायला हवा होता, ताफ्याच्या नादात विसरलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शिल्लक: शून्य.

हे कसं झालं कळत नाही. मूळ ढीगच लहान असावा. उद्यापासून नियम आणखी कडक करतो. ओळखपत्र पाहिल्याशिवाय नग द्यायचा नाही, पत्ता मोठ्याने वाचून दाखवायचा, सही पूर्ण नावाची घ्यायची. बघतोच कसा उरकतो दिवस.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कडक नियम लोकांना आवडले. पत्ता वाचायला लागलो की वस्तीवर खुर्ची टाकतात. एकाने शेजाऱ्यांनाही बोलावलं. चार ठिकाणी चहा, एका ठिकाणी पोहे.

दुसरं म्हणजे माळाच्या पोरी आता मोबाईलवरून वस्तू मागवायला लागल्यात. ड्रेस, चपला, कसलीशी क्रीम. एकीला विचारलं, पूर्वी का नाही मागवलं? म्हणाली, पूर्वी येत नव्हतं. पूर्वी दिवसाला सहा नग असायचे, आज एकोणीस. लोड वाढतोय! कोलमडणार म्हणजे कोलमडणार.

घरी सात वाजता. पोह्यांमुळे मला भूक नव्हती. सविता ताट वाढून बसलेली. दोन घास खाल्ले तिच्यासाठी.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी सविताच्या पोटात कळ आली. भिंतीला धरून उभी राहिली, घामाने डबडबली. शेजारच्या रतनबाईने लिंबूपाणी दिलं, मी गाडीवर घालून कोल्हारला दवाखान्यात नेलं. डॉक्टर माझ्यावर ओरडले. यांना संध्याकाळपर्यंत उपाशी ठेवता का म्हणाले. मी त्यांना सगळी हकीकत सांगणार होतो, बीट, आठ दिवस, अडीच वर्षं. पण मागे पेशंट होते.

भीती वाटली. इथं लिहायला हरकत नाही, कोण वाचणारे? गाडीवर ती मागून माझा शर्ट घट्ट धरून बसली होती आणि मला रस्ता धड दिसत नव्हता.

येताना तिने एकच सांगितलं, अर्ज करा हो. दोन ओळींचा. मी म्हटलं, आता माघार घेतली तर पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात. डिपार्टमेंट आता टेकीला आलंय. तू मात्र उद्यापासून वेळेवर जेव. हो म्हणाली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

जेवली नव्हती.

२० नोव्हेंबर, गुरुवार. रात्री

विजय! विजय!

मॅडमने कोपऱ्यात बोलावून सांगितलं, सोमवारी साहेब येणार आहेत. माळासाठी वेगळा माणूस द्या म्हणून तिनेच महिन्यापूर्वी वर लिहिलं होतं. म्हणजे आंदोलनाच्या आधीच ती वाकली होती! एक माणूस पुरतो की दोन लागतात, एवढंच साहेब पाहणार. म्हणाली, काका, तुम्ही फक्त खरं सांगा. एकट्याला झेपत नाही म्हणा. तेवढं एक वाक्य. बाकी मी बघते.

घरी सविताला सांगितलं. कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, म्हनून दाखवा बरं. मी म्हटलं, काय? म्हणाली, झेपत न्हाई म्हना. मी म्हटलं, त्यात काय म्हणून दाखवायचं. म्हणाली, तरी म्हना. दाराकडे पाहून घेतलं, मग म्हटलं. तिने तीनदा म्हणून घेतलं.

सोमवारी संध्याकाळपर्यंत निकाल. मंगळवारी दोन वाजता शेंगोळे करायचे ठरले.

२४ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ६

साहेब अकराला आले. इस्त्रीचा शर्ट, बरोबर एक क्लार्क. मोबाईलवर, रजिस्टरमध्ये पाहिलं. म्हणाले, कमाल आहे, या माळावरून महिन्याला चार-पाच तक्रारी यायच्या, या महिन्यात एकही नाही. शिल्लक काही? मी म्हटलं, एक नग नाही साहेब. ते खरंच होतं, खोटं कसं सांगू?

मग म्हणाले, एकटेच करता हे सगळं?

मॅडम माझ्याकडे पाहत होती. मी तोंड उघडलं. तेवढ्यात तो क्लार्क, बारीक मिशीवाला, आपला आपणच बोलला, या वयात नसेल झेपत काकांना.

या वयात! एक्कावन्न म्हणजे काय वय आहे? याने कधी बिबट्याचा पंजा पाहिलाय? मी म्हटलं, साहेब, बावीस काय, चाळीस वस्त्या द्या. तेवीस वर्षं काढलीत या खांद्यावर. कानिफनाथला झेपत नाही असं टपाल अजून छापायचं आहे!

मॅडमला जोराचा खोकला आला. ऑफिसात धूळ फार. साहेब उठून उभे राहिले, हात मिळवला. फोटो काढला, मी आणि साहेब, मधे पिशवी. जाताना क्लार्ककडून काहीतरी लिहून घेतलं.

एकूण भेट उत्तम झाली. ते वाक्य बोलायचं राहिलं. पण अनुभवी माणसाला चेहऱ्यावरून समजतं.

मॅडमने नंतर नुसते शिक्के मारले, जोरजोरात. सविताने दारातच विचारलं, म्हनला का? म्हटलं, तशी वेळच आली नाही. ती आत गेली. शेंगोळ्यांचं पीठ दळून ठेवलेलं होतं, त्याचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

१ डिसेंबर, सोमवार

ऑर्डर आली. सोबत प्रशस्तिपत्र, फ्रेम करण्यासारखं आहे.

ऑर्डरमध्ये असं आहे की माझं काम पाहता माळासाठी स्वतंत्र माणसाची गरज उरलेली नाही. माळाची बीट गावाला कायमची जोडली. शिवाय पाटापलीकडच्या नऊ वस्त्याही.

ठीक आहे. बघून घेईन. माझ्या कामाची धास्ती घेतल्याशिवाय कोणी असं करत नाही. आंदोलनाचा दुसरा टप्पा उद्यापासून. स्वरूप ठरायचं आहे. अर्ज मात्र करणार नाही.

मॅडम म्हणाली, काका, मी आता वर काय तोंडाने लिहू? मी तिला धीर दिला.

सविताने ऑर्डर हातात घेऊन वाचली. चष्मा लावून परत वाचली. कायमची या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, हे असंच हाय का? म्हटलं, सध्या. घडी घालून माझ्या खिशात परत ठेवली.

२ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळी ७.२०

एकतीस वस्त्या. घरी पोचलो सव्वासहाला.

ताट झाकून ठेवलेलं. एकच. विचारलं, तुझं? म्हणाली, जेवले की. एक वाजताच. रतनबाई तिचं ताट घेऊन आलती, दोघी बसलो. आता रोज तसंच करनार हाय. मी म्हटलं, छान, मी तर कधीचा सांगतोय. पित्ताचं विचारलं. म्हणाली, आज काहीच झालं न्हाई.

चांगलंच झालं. माझीच तर मागणी होती.

ती ओट्यावर जाऊन बसली. रतनबाईशी काहीतरी बोलत होती, मधेच मोठ्याने हसली. मी आत जेवत होतो. दोनदा हाक मारली, अगं मीठ कुठंय? मीठ ताटातच होतं.