जीभकाप्या द्राक्षाचा वारस

मी, दिर्चे कोस्सुत्ती, कै. एर्मेस बेल्त्रामे यांची पत्नी, वय ब्याऐंशी, राहणार बुत्रियो, स्वहस्ते लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि हे कोणी दटावून लिहून घेतलेले नाही. मला दटावणारा अजून जन्माला यायचाय.

एक. राहते घर पुतण्या तार्चिझिओ यास द्यावे. मला मूलबाळ नाही, आणि घर काही डोक्यावर घेऊन जाता येत नाही. मागच्या वसंतात मी खुबा मोडून इस्पितळात पडले होते, तेव्हा या शहाण्याने घरामागची तात्सेलेंगे या लाल द्राक्षाच्या वेलींची सगळी रांग यंत्र लावून उपटली आणि तिथे पिनो ग्रिजो हे पांढऱ्या वाईनचं द्राक्ष लावलं.

"काकू, ती लाल वाईन जीभ सोलते गं! पाहुण्यांनी थुंकून टाकली."

थुंकणारच! कोवळी वाईन, रिकाम्या पोटी, घमेल्याएवढ्या पेल्यात पाजलीस. नावातच जीभ कापणं आहे तिच्या. ती आधी चार वर्षं पिंपात झोपते, मग डुकराच्या चरबीदार सॉसेजबरोबर प्यायची असते. चरबी तोंडाला चिकटते, ही ती धुऊन काढते. एवढं शिकून ही अक्कल!

दोन. मक्याच्या पिठाचा पोलेंटा घोटायचे तांब्याचे पातेले जाऊबाई ओनोरिना यांस. "बरं झालं, जागा मोकळी झाली," असं त्या वेली उपटल्यावर म्हणाल्या होत्या. त्यांच्या पोलेंटात गुठळ्या असतात. भांडं बदलून काही फरक पडेल असं वाटत नाही.

तीन. शेजारी एव्हारिस्तो माकोरिग हा चोर आहे, याची नोंद व्हावी. फेब्रुवारीत वेली छाटल्या की काड्या बांधावर पडतात. मातीत खोचल्या की त्यांची वेल होते. मी रविवारी चर्चमध्ये मिस्साला गेले की हा येऊन त्या पळवायचा. वीस वर्षं मी त्याच्यावर कुत्रं सोडलं, भर चौकात चोर म्हणून ओरडले.

इस्पितळातून आले, ती उघडी जमीन पाहिली आणि जेवणावरची वासनाच गेली. तेव्हा हाच दारात उभा.

"चल दिर्चे, ट्रॅक्टरवर बस."

"तुझ्याबरोबर? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारी चोराबरोबर पळाली. चल गं!"

त्याच्या टेकडीवर माझ्याच काड्यांच्या रांगा उभ्या होत्या. त्याने पेला भरून दिला. पहिल्याच घोटाला जीभ सोलवटली.

"रडतेस काय?"

"आंबटानं पाणी आलं डोळ्यांत, मेल्या."

खोटं बोलले. एर्मेसने लावलेली वेल होती ती. मला वाटलं होतं, ती संपली.

सबब तळघर, पिंपे, छाटणीचा चाकू आणि ज्याच्या ओल्या फोकांनी वेली बांधतो ते विलोचे झाड एव्हारिस्तो यास द्यावे. तळघराचं दार स्वयंपाकघरातून आहे. तार्चिझिओने त्याला केव्हाही आत सोडावे, आणि बूट पुसायला सांगू नये.

चार. कुत्राही एव्हारिस्तोलाच. अट एकच: फेब्रुवारीत, मिस्साच्या वेळी, कुत्रा बांधून ठेवावा. काड्या बांधावर, पुढच्या चोराला सहज उचलता येतील अशा ठेवाव्यात.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. तार्चिझिओ पुतण्या असल्याने मला लागतात.

सही: दिर्चे कोस्सुत्ती
साक्षीदार: ओनोरिना पास्कोलो (पातेल्यावरून रुसून)
साक्षीदार: डॉन लिव्हिओ, पाद्री (एव्हारिस्तो मिस्साला का नसायचा, हे त्यांना आज कळले)
बुत्रियो, ११ नोव्हेंबर १९८७