वरच्या कुरणातलं क्लोव्हर

विंटन, २७ ऑक्टोबर

प्रिय फर्गस,

पहाटे पाऊस थांबला. धारा काढल्या. आठच्या सुमारास तू मागवलेला युरियाचा ट्रक आला. डोरिस मेली, बाकीच्या गाई वाचल्या. दुपारी पुन्हा धारा काढल्या.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू बोलतोस आणि मी नुसतं हं हं करतो, म्हणून लिहितो आहे.

सप्टेंबरात आईला माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी आपण दोघं वरच्या कुरणात फिरलो. गवत पिवळट होतं आणि गाई जिथे मुतल्या होत्या तिथे तेवढे गडद हिरवे डाग. तू म्हणालास, "बाबा, रान उपाशी आहे. आईचं ऐकून किती वर्षं युरिया टाकला नाहीत." मी गप्प राहिलो. तुला तो होकार वाटला असणार. आपल्या घरात तसंच चालत आलं आहे.

आईनं काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत होतं. सप्टेंबरात, वसंताच्या तोंडाशी, माती गार असते, गवतातलं क्लोव्हर उशिरा जागं होतं. जागं झालं की मुळांवरच्या गाठींत हवेतलं नत्र धरतं. मग मुळं कुजतात, गाई खातात, शेणामुतातून ते रानभर पोचतं, आणि हळूहळू डाग बुजतात. तोवर दम धरायचा. दर वसंतात मी युरियाची गोष्ट काढायचो आणि ती म्हणायची, "युरियातून आयतं मिळालं की क्लोव्हर हातपाय हलवत नाही, तुझ्यासारखंच. आणि गवताला नको झालेलं नत्र जातं कुठे? आपल्या विहिरीत. कर मग त्याचा चहा." त्यापुढे माझं काही चालायचं नाही.

ट्रक येणार हे मला ठाऊक नव्हतं. मी गोठा धूत होतो. रेविन नावाची चालक, पन्नाशीची बाई, वरच्या कुरणाचं फाटक उघडून आत गेली. चाकं रुततील का ते बघायला. फाटक तसंच राहिलं. गाई धारा देऊन रिकाम्या पोटी त्या फाटकावरूनच जाणाऱ्या वाटेनं निघाल्या होत्या. मी पोचलो तेव्हा सगळ्या आत, ओल्या क्लोव्हरमध्ये तोंड खुपसून.

"शहाण्या आहेत हो गाई तुमच्या," रेविन हसत म्हणाली, "हाक न मारता जेवायला बसल्या."

मी विचारलं, "फाटक कुणी उघडं ठेवलं?" तिनं मागे वळून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

रिकाम्या पोटी ओलं क्लोव्हर खाल्लं की गाईच्या पोटात फेस धरतो आणि ती फुगून मरते, पण भरल्या पानावरून गाई उठत नाहीत. मी काठी घेऊन, ती ट्रकचा भोंगा वाजवत, आम्ही त्यांना बाहेर काढू लागलो. निम्म्या निघेपर्यंत काहींची डावी भकाळी, बरगड्यांमागची खळगी, फुगायला लागली होती. फेस मोडायला गोठ्यातून तेल आणलं. रेविन गाईची मान वर धरायची, मी बाटली घशात रिकामी करायचो. घाईत निम्मं तेल बाहेरच सांडत होतं. "सावकाश, ॲलिस्टर," ती म्हणाली, "तेल गाईच्या पोटात जाऊ द्या, माझ्या बाहीत नको." एक गाय आडवी झाली, जीभ बाहेर. गुरांचा डॉक्टर येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. मी खिशातला चाकू काढला आणि भकाळीत खुपसला. फेस उडून रेविनच्या तोंडावर गेला. ती बाहीनं तोंड पुसत म्हणाली, "झाली माझी आंघोळ. बघा, उठतेय ती." गाय उठली. डोरिस पार टोकाला, कुंपणाशी होती. तिच्यापर्यंत आम्ही उशिरा पोचलो.

नंतर आम्ही ट्रकच्या पायरीवर बसलो. पश्चिमेकडून ढग येत होता. रेविन म्हणाली, "चूक माझी आहे, ती मी मालकाला सांगेन. पण आता काय करू? टाकू की परत नेऊ? टाकायचं तर पावसाच्या आत."

'टाक' असंच माझ्या तोंडात आलं होतं. गवत माजू दे, क्लोव्हर त्याच्या सावलीत मरू दे, अशी सकाळ पुन्हा नको. तुझी आई असती तर तिनं काय ते ठरवलं असतं. मी कुरणाकडे बघत राहिलो. नकळत डाग शोधत होतो, आणि ते सापडत नव्हते. तू पाहिलेलं पिवळट रान राहिलंच नव्हतं, क्लोव्हर जागं झालं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच हिरवा रंग.

"घेऊन जा," मी म्हणालो.

"नेते. पण पोराला तुम्ही सांगा. माझ्या अंगावर आज पुरेसं उडालंय."

म्हणून हे पत्र. तू वाईट केलं नाहीस. आई गेल्यापासून सगळेच माझं काही ना काही करून देतात. तिचं कपाट कुणी तरी आवरलं, तिचे गमबूट कुणी तरी देऊन टाकले, मी दुकानातून आलो तर जागा रिकामी. जानेवारीत मला तुझ्याकडे ब्रिस्बेनला न्यायचं आणि रान भाड्यानं द्यायचं, हे तू ठरवल्याचं मला शेजारच्या लिंडसेकडून कळलं. फर्गस, मी येणार नाही. हे रान मी बघणार आहे, क्लोव्हरसकट. माझ्या हातून चुका होतील, एखादी गाय जाईलही. तरी यापुढे काही ठरवण्याआधी मला विचार, आणि मी गप्प राहिलो तर पुन्हा विचार. माझं गप्प राहणं म्हणजे हो नव्हे.

अजून उजेड आहे. गाईंना चारा बेताबेतानं मिळावा म्हणून लावलेली कुंपणाची विजेची तार उद्यासाठी थोडी पुढे सरकवायची राहिली आहे, ती सरकवून येतो.

आज एवढं बोललेला,
तुझाच,
बाबा