धुराडं माझ्यावर सोड

२७ ऑक्टोबर
लाकडं खडखडीत वाळलेली आहेत. खुद्द विकणाऱ्याने, शेजारच्या विदोसावने, कन्फर्म केलं. वसंतात उतरवलेले पत्र्याचे पाइप मी एकट्याने लोखंडी शेगडीला जोडले. शेवटचा भिंतीतल्या भोकात जाताना अडला. जोर लावला. ताकद अजून आहे. बायको, देसांका, म्हणाली, "धुराडंवाल्याला बोलव." बायकांना टेक्निकल गोष्टी कळत नाहीत.

२८ ऑक्टोबर
पेटवली. सगळा धूर खोलीत. हंगामाच्या सुरुवातीला असं होतंच. देसांका खोकत म्हणाली, "शेगडी पेटवतोयस की मला हाकलतोयस?" खिडक्या उघडल्या. आता थंडी. माझं तपकिरी लोकरीचं जाकीट सापडत नाही.

३० ऑक्टोबर
थिअरी: वारा उलटा आहे.
जाकीट पाहिलं नाही म्हणते. चोरी असावी. विदोसावचं माप माझ्याएवढंच आहे.

१ नोव्हेंबर
देसांका बहिणीकडे गेली. साडू बुदिमीरकडे रेडिएटर आहेत. बटण दाबलं की गरम. त्यात पुरुषाचं कसब काय? जाताना म्हणाली, "सात तारखेपर्यंत खोली गरम झाली नाही, तर आठ तारखेचा स्लावा बुदिमीरकडे." आमच्या घराण्याच्या संताचा दिवस! पणजोबांपासून मेणबत्ती याच खोलीत लागली. आणि आता साडूच्या सोफ्याशेजारी? जमणार नाही.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठून शेगडीचा शास्त्रीय अभ्यास.

२ नोव्हेंबर, सकाळी ११
उठलो. अंथरुणात अभ्यास जास्त चांगला होतो.

४ नोव्हेंबर
विदोसावला स्पष्ट सांगितलं, लाकूड ओलं आहे. त्याने माझ्या ढिगातला एक ओंडका नेऊन स्वतःच्या शेगडीत टाकला. ओंडका लगेच धडाडून पेटला. "माझ्याकडे हसतं आणि तुझ्याकडे रडतं होय रे?" म्हणाला. वर दोन पेले रकिया पाजली. जाकीट अंगात नव्हतं. लपवलं असणार.

५ नोव्हेंबर
लाकूड बंद. कोळसा आणला. पाच मिनिटांत स्वतःचे हात दिसेनात. दार सताड उघडून अंगणात बसलो. अंगण खोलीपेक्षा गरम आहे. बुदिमीरचा फोन: "दादा, एकवीस खुर्च्या मांडून ठेवू का?" म्हटलं, इथे घाम फुटलाय. कोट, कानटोपी आणि देसांकाची शाल अंगावर होती, पण फोनवर कुठे दिसतं?

६ नोव्हेंबर
शेगडीला एक दिवस विश्रांती दिली. लोखंडालाही लागते.

७ नोव्हेंबर, दुपार
देसांका आली. सोबत बुदिमीर, मदतीला म्हणे. तिने शेगडीकडे पाहिलंसुद्धा नाही. पाइप ओढून काढला, भोकात कोपरापर्यंत हात घातला आणि काळं, कडक असं काहीतरी बाहेर खेचलं. दोन बाह्या होत्या. मूळ रंग तपकिरी.
पाइप उतरवले की भोकात चिंध्या कोंबतात, पाखरं आत येऊ नयेत म्हणून. सगळं गाव कोंबतं. ऑक्टोबरात काढतंही, असं देसांका म्हणाली. "मे महिन्यात विचारलं होतं, काय कोंबतोयस? तर म्हणालास, धुराडं माझ्यावर सोड!" बुदिमीर भिंतीकडे तोंड करून उभा होता. खांदे हलत होते.
देसांकाने एका काडीत पेटवली. वीस मिनिटांत खोली ऊबदार. लाकूड उत्तम आहे. निवड माझी.

७ नोव्हेंबर, संध्याकाळ
स्लावा इथेच! मी आधीपासून सांगत होतो.
यजमानाने दिवसभर बसायचं नसतं, उभं राहून पाहुण्यांना वाढायचं असतं. देसांकाची एकच अट: ते जाकीट घालून. तिने दोनदा धुतलं, पण वास तसाच. उद्या एकवीस जण दारातच विचारतील, यंदा हिवाळ्यासाठीचं डुकराचं मांस लवकर धुरावर टांगलंत का? उत्तर द्यायला बुदिमीर हजर असेल. सगळ्यांच्या आधी, नऊलाच येतो म्हणालाय.