छपरामुळे प्रकाश अडतो

१२ फेब्रुवारी १९३८, किन्हीराजा
तीस वर्षे मुलींच्या शाळा तपासल्या. आता कला. बॉक्स कॅमेरा आला, रोल आठ फोटोंचा. नागपूरच्या प्रदर्शनाचा विषय ‘ओसाड वास्तू’. पहिले बक्षीस माझेच. बाकीच्या स्पर्धक वकिलांच्या बायका आहेत.

१४ फेब्रुवारी
शिरपूरचे जुने देऊळ. ओसाड नाही, यात्रेकरूंनी भरलेले. बाजूला व्हा म्हटले, झाले नाहीत. दोन फोटो वाया, त्यांच्यामुळे.

१७ फेब्रुवारी
सापडले! टेकडीमागे चार झोपड्यांचा तांडा, चिटपाखरू नाही. गाडीवान जानराव म्हणतो, लोक रेल्वेची खडी फोडायला गेलेत, होळीला परततील. त्याला विचारले, शिक्षण किती? काहीच नाही. मग त्याचे ऐकायचे कशाला?
आत ज्वारीने भरलेली कणगी, तोंड शेणमातीने लिंपलेले. भरली कणगी टाकून माणसे पळतात ती प्लेगमध्येच. जात्यावर टोपली पालथी घातली होती. पळतानाही टापटीप! कौतुक वाटले.

१८ फेब्रुवारी, दुपार
आत अंधार. कॅमेऱ्याला ऊन हवे, पुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे. जानरावला छप्पर उतरवायला सांगितले.
“बाई, लोकायचं घर हाय ते.”
घर आणि वास्तू यांतला फरक समजावला. समजला नाही, पण चढला. उतरवलेल्या गवतावर चहा केला. कणगीचे तोंडही फोडवले, दाणे दिसल्यावर करुणा वाढते. पाच फोटो काढले. आठवा जानरावने काढला: मी, कणगीवर हात ठेवून.

२० फेब्रुवारी
रोल अकोल्याला धुवायला पाठवला.

३ मार्च
काल गारा, आज दिवसभर पाऊस. रोल शिल्लक नाही याची हळहळ. भिजलेली झोपडी अधिकच ओसाड दिसली असती. जानराव कणगीवर टाकायला ताडपत्री मागत होता. दिली नाही. माझी लाकडे भिजली असती.

९ मार्च
फोटो आले. सात काळेठिक्कर. स्टुडिओवाला लिहितो, कॅमेरा उन्हात उघडला गेला. मी फक्त चित्र उमटले का ते पाहिले होते. मेहनतीने केलेले काम तपासू नये काय?
आठवा उत्तम. जानराव खूश झाला, पण त्यात त्याचे काही नाही, माझे उभे राहणेच तसे आहे. एक प्रत नागपूरला धाडली.

१५ मार्च
तांड्यातली माणसे परतली. योगायोग. झोपडीवाला हेमसिंग बायकोला, सोनीबाईला, घेऊन आला. कणगीतल्या ज्वारीला हिरवे कोंब फुटलेत म्हणे. सोनीबाईने मूठभर आणून माझ्या पायरीवर ठेवले. कुजकट वास. बाई रडलीसुद्धा नाही. या लोकांना भावना कमीच.
मी मोठ्या मनाने दुसरी प्रत दिली. मागे शाईने लिहिले: ‘ओसाड झोपडी. प्रकाशासाठी छप्पर मी स्वतः उतरवले, कणगी मी फोडवली.’ सही, तारीख. श्रेय जानरावला जायला नको.
हेमसिंगने फोटो उलटसुलट पाहिला. “बाई, पावसाळ्यापर्यंत हेच खाऊ काय आमी?”
म्हटले, भिंतीवर लावायचा असतो.

१८ मार्च
तांड्याच्या नायकाने, रतनसिंगने, बोलावले. फोटोग्राफी समजावून सांगायची म्हणून गेले. पंचांना वाचता येत नाही. गावातली एक मुलगी उभी केली, तिने फोटोमागचा मजकूर न अडखळता वाचला. सहीसकट. उच्चार स्वच्छ. तिची शाळा मीच तपासत असे, शेरा ‘उत्तम’.
निकाल: माझ्या घरातली ज्वारी आणि माझ्या निजायच्या खोलीवरचे टिन हेमसिंगला. मी म्हणाले, पोलिसांत जाईन. पंचांत बसलेले गावचे पाटील उकंडराव म्हणाले, “जा ना बाई. फोटो घेऊन जा.”

२१ मार्च, सकाळ
टिन काढायला जानरावच चढला. आज मात्र दोनदा सांगावे लागले नाही. ज्वारी सोनीबाईने स्वतः उचलली, जाताना रिकाम्या पोत्यावर टोपली पालथी घालून गेली.
नागपूरचे पत्र: ‘फोटो परत. वास्तूपेक्षा बाईच अधिक दिसतात.’
निजायच्या खोलीत आता सातपासून प्रकाश. पलंग, उशी, येशूची तसबीर, सगळे लख्ख. ओसाड वास्तू म्हणून एकदम उत्तम.
रोल नाही.