चुका काढताना

३ नोव्हेंबर

आले बाई एकदाची नागपूरला! सांगलीहून निघताना आईने इतक्या पिशव्या दिल्या की स्टेशनवर सुमंत म्हणाला, लग्न माझ्याशी केलंस की लोणच्यांशी? घर धंतोलीत आहे. खाली डोळ्यांचा दवाखाना, वरच्या मजल्यावर आम्ही दोघं. मोठ्या खोलीची खिडकी जमिनीपर्यंत आहे, बसल्या बसल्या रस्ता दिसतो. टेबलावर संत्री मांडून ठेवली होती त्याने. छत्तिसाव्या वर्षी लग्न करून मी काही चूक केली नाही, असं आज पहिल्यांदा वाटलं.

एकच गोष्ट डोळ्यांत खुपली. खोलीभर तपकिरी, कुबट कार्पेट. कोपरा उचलून पाहिला तर खाली अस्सल सागवान! हे झाकायची अक्कल कोणाची, विचारलं. सुमंत म्हणाला, नंदिनीची. तिनेच बसवलं, एकटीने. तिच्या हाताला फार सफाई होती.

नंदिनी म्हणजे त्याची पहिली बायको. दोन वर्षांपूर्वी तापाने गेली. मला सगळं माहीत होतं, तरी चहा तसाच ठेवून उठले.

५ नोव्हेंबर

कार्पेट कापून, गुंडाळून जिन्याखाली टाकलं. ते सोपं होतं. खरं काम पुढेच आहे. भिंतीलगत कार्पेट ताणून धरायला लाकडाच्या बारीक पट्ट्या, त्यांत तिरप्या टोकांच्या चुका, म्हणजे लहान खिळे, आणि मधल्या जागेतही दर दोन बोटांवर एक चूक ठोकलेली. एवढं कशाला ठोकायचं माणसाने?

सुमंतने चंद्रभान नावाच्या म्हाताऱ्या सुताराला आणलं. त्याने रीत दाखवली. पकड थेट फळीवर टेकवायची नाही, खाली पत्र्याचा तुकडा ठेवायचा. चूक आधी पटाशीने केसभर उचलायची, मग सरळ वर ओढायची. वाकडी ओढली की भोक रुंदावतं. लाकडाले भार पडला नाही पाह्यजे, एवढंच तो तीनदा म्हणाला. बाकी मी करते म्हटलं. सासरी आलेल्या बाईने पहिल्याच आठवड्यात चुका काढायला बसावं, यावर मीच खूप हसले.

संध्याकाळपर्यंत पाव खोली झाली. एक ओरखडा नाही. सुमंत घरी आला तेव्हा दिवा लावून दाखवलं. तो वाकला, फळीवरून हात फिरवला आणि म्हणाला, नंदिनीने बघ कशा एका रेषेत ठोकल्यात.

एका रेषेत! मी दिवाच मालवला.

८ नोव्हेंबर

कोणीतरी माझी थट्टा करतंय. काल बाजारातून आले, तर दाराजवळच्या साफ केलेल्या भागात चुका परत ठोकलेल्या. त्याच भोकांत. डब्यात टाकलेल्या चुका डब्यात नाहीत.

कामाला येणाऱ्या तुळसाबाईवर संशय आला. ती नंदिनीच्या वेळची. तिला सरळ विचारलं. फरशी पुसता पुसता ती म्हणाली, "बाई, तुमी काढून राहिल्या, नंदिनीबाई ठोकून राहिल्या. त्या लाकडाचा जीव जाऊन राहिला."

मला वाटलं जुनं सांगतेय. नंदिनीबाई ठोकून गेल्या, मी काढून मोकळी झाले, असं काहीतरी. म्हटलं, अहो मोकळी कुठली, अजून अर्धी खोली बाकी आहे! ती बादली उचलून निघून गेली.

दुपारी खालच्या दवाखान्यातला माणूस वर आला. ठोकाठोकीमुळे पेशंट घाबरतात, काल दोन तास चाललं होतं म्हणे. काल मी घरातच नव्हते. त्याला तसं सांगितलं नाही. परत ठोकलेल्या सगळ्या चुका काढल्या. आणि खरं सांगते, माझा जीव जळला, कारण लाकडाला कुठे दबल्याची खूण नव्हती. ज्याने कोणी ठोकल्या, त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.

१० नोव्हेंबर

लॉजवर बसून लिहितेय.

दुपारी सीताबर्डीला पॉलिश घ्यायला गेले होते. दुकानात असताना सुमंतचा फोन. तो मिहानमधल्या ऑफिसातून लवकर सुटला होता. चिडून, माझ्याशी पहिल्यांदाच इथल्या बोलीत, म्हणाला, "काय ठोकून राहिली वं एवढं? मी जिना चढून राहिलो, खालपर्यंत आवाज येऊन राहिला."

जिना चढून राहिलो. म्हणजे चढतोय. आत्ता.

मग ठोकून राहिल्या म्हणजे—

तुळसाबाई जुनं सांगत नव्हती. माझ्या सांगलीच्या कानाला ठोकून राहिली म्हणजे झालं, संपलं. इथे राहिली म्हणजे चालूच आहे.

मी म्हटलं, सुमंत, मी घरी नाहीये. मग फोनमध्ये मलाही ऐकू आलं. हलके, नेमके ठोके. सफाईदार.

११ नोव्हेंबर

आम्ही रात्रभर लॉजवर होतो.  घरात काय पाहिलंस असं सुमंतला विचारलं, तर विषय बदलतो. मिहानजवळ त्याच्या मित्राचा फ्लॅट रिकामा आहे, तिकडे राहायला जाऊ म्हणतो. उद्याच.

म्हणजे हे घर तिचं? ती मेली आणि तरी घर तिचं, आणि मी जिवंत असून दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये? मला भीती वाटते. पण त्याहून जास्त राग येतो. त्याला म्हटलं, आधी माझं काम पुरं होईल, मग निघू. तो म्हणाला, राहू दे ना, तिने केलेलं असू दे तसंच.

असू दे म्हणे! आता तर एकही ठेवणार नाही.

१२ नोव्हेंबर

दिवसभर काढल्या. सुमंत दारातच बसून होता. आत यायला तयार नाही. मी पुढे सरकते, मागे ठोका पडतो. वळून बघत नाही. चुका कोमट लागतात हाताला— कोणीतरी मुठीत धरल्यासारख्या.

अंधाराआधी लॉजवर परत. ठोके पडूनही मागच्या फळ्या मोकळ्याच होत्या; खिडकीखालची एकच पट्टी उरली.

१३ नोव्हेंबर, सकाळी

सुमंत खाली गाडीत. सामान भरलंय. दहा मिनिटं मागितली मी. पत्रा ठेवला, पटाशी लावली. एक, दोन, तीन— शेवटची निघाली. एक ओरखडा नाही! खोली माझी. बोलले मोठ्याने, ऐक म्हटलं, आता माझी—

ठोके थांबले. किती शांत. पर्समधून वही काढली, हे लिहायचंच होतं—

उठता येत नाही. साडीचा काठ— फळीला ठोकलेला. दर दोन बोटांवर एक. एका रेषेत. आत्ताच तर मोकळा होता.

पदरही. केसही— मान हलत नाही—

ओरडते आहे. आवाज निघत नाही. फक्त हात चालतो.

खालून सुमंत हाक मारतोय. मुग्धा, चल लवकर.

जिन्यातून कोणीतरी ओ दिली. आले, म्हणाली. माझा आवाज— माझाच—

तिला घर नको होतं. घर नकोच होतं तिला—

खिडकीतून दिसतंय. माझी शाल, माझाच चेहरा. गाडीचं दार उघडलं त्याने. ती बसली. तो तिच्याकडे बघून हसला— सुमंत, वर बघ— असा माझ्याकडे बघून तू कधीच हस—