ह्यांचा नंबर चालू आहे

सोम. ३ नोव्हें.

लिही गं मनवा. वर तारीख घाल. महिला केंद्रातल्या ताई म्हणाल्यात, आजी, जे घडेल ते तारखेसकट लिहून ठेवा, कोर्टात उपयोगी पडतं. मला अक्षर येत नाही म्हटलं, तर म्हणाल्या, नात आहे ना. नात आहे, माझ्या मुलाची, पण बारावी झालेली आहे, तिला माझं बोलणं दुरुस्त करायची खाज आहे. जसं बोलते तसंच लिही, नाहीतर रात्री आमटी तू कर.

तर आज. दुपारी जावई आला. माझ्या शोभाचा नवरा. (तिचं नुसतं शो. लिही.) शो. त्याच्या मारातून सुटून गेली त्याला चार महिने झाले. मालाडला आहे हे मला, मनवाला नि ताईंना ठाऊक. जावई मागे दोनदा येऊन चाळ डोक्यावर घेऊन गेला. आज आवाज नाही. चहा मागितला. बिस्किट बुडवून खाल्लं. मग ह्यांच्या फोटोकडे बघत म्हणाला,
"आई, सासरे हल्ली मालाडला राहतात वाटतं?"

बशी माझ्या हातात होती. पडू दिली नाही. एवढं लिही.

मंगळ. ४

ताईंनी कालच संध्याकाळी शो.ला मालाडहून हलवलं. कुठे ते मला सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझ्या पोटात काही राहत नाही हे मला माहीत आहे.

चूक माझी. हे जाऊन पाच वर्षं झाली, पण ह्यांचा फोन मी बंद होऊ दिला नाही. मनवा दर महिन्याला रिचार्ज मारते नि मला चिडवते, "आजी, वरती रेंज येते का गं?" सर्वपित्रीला ह्यांच्या पानाशेजारी तो फोन ठेवते मी. कावळा वडा नेतो, फोनला चोच लावत नाही. शो. पळाली तेव्हा तिचं कार्ड मोडून टाकलं नि ह्यांचा फोन तिच्या हातात दिला. म्हटलं, गेलेल्या माणसाला कोण शोधायला बसलंय? पण सासऱ्याचा नंबर जावयाकडे लग्नापासून होता. ते डोक्यात आलंच नाही.

तो कामाला ट्रकांच्या ऑफिसात. कुठला ड्रायव्हर कुठे पोचला ते तिथे खुर्चीत बसून दिसतं म्हणे. मनवा सांगते, कोणाचा फोन कुठल्या टॉवरखाली आहे ते फोनची कंपनीच विकते. नंबर टाकला की ठिपका येतो. घर दिसत नाही, आसपास दिसतं. म्हणून तो मालाड म्हणाला, गल्ली नाही म्हणाला.
"म्हणजे ह्यांना ट्रकवर ड्रायव्हर लावलं?"
"तसंच समज."
ह्यांना सायकल येत नव्हती.

गुरु. ६

फोन ताईंनी बंद करून परत आणून दिला. शो.ला नवा घेतलाय, नव्या नावाचा. आमच्या कोणाच्या फोनवर ती लावणार नाही. रोज सात वाजता खालच्या पिठाच्या चक्कीत, भोसल्यांच्या वायरच्या फोनवर, एक रिंग देणार नि ठेवणार. मग भोसले वर बघून ओरडणार, "आजी, दळण झालं!" म्हणजे पोर ठीक आहे.

आज ओरडले. शेजारची कुंदा म्हणते, "आजी, रोज दळण? दोघीच एवढं खाता?" म्हटलं, "दात पडले गं, भूक नाही पडली."

शुक्र. ७

मनवाने कंपनीला तक्रार केली होती. उत्तर आलं. तिने दोनदा वाचलं.
"ग्राहकाची संमती घेतली आहे, असं म्हणतात."
"कुठल्या ग्राहकाची?"
"आजोबांची. मागच्या महिन्यात. होय म्हणायला एक दाबा म्हणून फोन आला होता, त्यावर एक दाबलंय."
शो.ला ताईंकडून विचारून घेतलं. ती म्हणते, असा फोन आलाच नाही, मी काही दाबलं नाही.

चाळीस वर्षं संसार केला, साधा पंखा घ्यायला ह्या माणसाने मला एका झटक्यात होय म्हटलं नाही. नि आता म्हटलं? मनवा हसली, मीही हसले. संध्याकाळी दिवा लावताना फोटोकडे बघवेना.

शनि. ८

मनवा म्हणते, नंबरच बंद करून टाकू. म्हटलं, थांब. बंद केला तर तो दुसरीकडे शोधेल. चालू दे. मी ह्यांना जरा फिरवून आणते.

बटव्यात फोन, वर पदर. चाळीत असला की बंद, दोन-चार स्टॉप पुढे गेल्यावर चालू. मुलुंडला गेले, आसपासच्या सगळ्यांना यावंच लागतं त्या मंडईसमोर देवळाच्या पायरीवर बसले. तासाभराने आला. जावई. घामाघूम. गर्दीतल्या एकेका बाईच्या पुढे जाऊन, वाकून तोंड बघत होता. निळ्या ओढणीवालीचं. मेथी निवडणारीचं. एकीने शिवी घातली तरी हसला नाही, पुढच्या बाईकडे गेला. माझ्यापासून हातभर अंतरावरून गेला. माझ्याकडे बघितलं नाही. म्हातारीला कोण बघतं.

बटवा मांडीखाली धरून बसले. तो गेल्यावर उठले नि घरची बस धरली.

सात वाजता दळण झालं.

मंगळ. ११

काल घाटकोपर. आज विक्रोळी. दोन्हीकडे आला. ह्यांना जिवंतपणी मी इतकं कधी फिरवलं नाही. ताई ओरडल्या, "आजी, हा खेळ नाही." पोलिसांत अर्ज त्यांनी दिलाय. मी म्हटलं, तो माझ्यामागे आहे तोवर तिच्यामागे नाही.

बसमध्ये बटवा गरम लागतो. फोन तापतो म्हणे. मला वाटतं कोणीतरी हात धरलाय.

बुध. १२

टीव्हीवर दाखवलं. गिऱ्हाइकांचा ठावठिकाणा विकला म्हणून कंपनीला दंड. मोठा आहे, मनवा आकडा सांगत होती, माझ्या डोक्यात मावला नाही.
"तो कोणाला मिळणार?"
"सरकारला."
"शो.ला?"
"नाही गं."
"मग ठिपका तरी पुसला का?"
"ते नाही सांगितलं. कंपनी म्हणते आम्ही अपील करू. विकत घेणाऱ्यांनी परवानगी विचारायची होती, आमची चूक नाही."
विकणारा साव. घेणाराही साव, त्याच्याकडे ह्यांचं होय आहे. राहिले हे. भिंतीवर टांगलेत, त्यांना दंड लावा.

शुक्र. १४

भांडुपला बसले. दोन तास. जावई आला नाही.

शनि. १५

पुन्हा मुलुंड, तीच पायरी. नाही आला. मनवा खूश. "आजी, दंडाने काम केलं! घाबरले साले." ताईही म्हणाल्या, असू शकतं.

असू शकतं. पण इतके दिवस तो येत होता तेव्हा तो कुठे आहे ते मला दिसत होतं. आज दिसत नाही.

दळण झालं. भोसल्यांना विचारलं, रिंग एकच ना? म्हणाले, एकच.

सोम. १७

दुपारी बाहेर असताना ह्यांच्या फोनवर मेसेज आला. घरी मनवाने वाचला. 'आपल्या क्रमांकाचा माग घेणे थांबवण्यात आले आहे. धन्यवाद.'
"बघ! सुटलो," म्हणाली.
"कोणी थांबवलं? कंपनीने का त्याने?"
"ते नाही लिहिलं."
"त्याने असेल तर का? त्याला ती नको झाली, का ह्या नंबरची गरज उरली नाही?"
मनवा म्हणाली, "नवा नंबर त्याला कसा कळेल गं? कोणी दिलाच नाही."
ह्यांनी तरी कुठे एक दाबलं होतं.

ताईंना फोन केला. लागतो, उचलत नाहीत. मीटिंगमध्ये असतील म्हणते मनवा. असतील.

आता किती वाजले? सातला पाच. खाली चक्की चालू आहे, त्या घरघरीत रिंग ऐकू जात नाही कधी कधी भोसल्यांना. मग ते उशिरा ओरडतात. मागे एकदा झालं होतं तसं. ते पण लिही.

सात वाजून गेले म्हणते ही. दहा मिनिटं.

चक्की थांबली.

पेन ठेव मनवा. ऐकू दे.